दहा पावलं कमी

बाबांचा डावा पाय उजव्यापेक्षा सव्वा इंच आखूड आहे. म्हणून त्यांच्या डाव्या बुटाला सव्वा इंच जास्तीचा तळवा. तो बूट बनवणारा कारागीर वारला, त्याच्या मुलाने दुकानात मोबाईलची कव्हरं लावली आणि बुटाचा साचा कुठे गेला ते कुणालाच ठाऊक नाही. थोडक्यात, बाबांना सरळ चालवू शकेल अशी जगात एकच वस्तू होती, आणि ती आम्ही एका बोटवाल्याच्या ताब्यात दिली.

तळ्याकाठच्या त्या गावात बाबांना तळ्याभोवतीची फेरी मारायची होती. साडेसहा किलोमीटर. डॉक्टरांनी ‘आता घरातल्या घरात फिरा’ म्हटल्यापासून त्यांनी विडाच उचलला होता. तीन महिने आमच्या इमारतीच्या आवारात घिरट्या चालल्या होत्या. वॉचमनने शेवटी त्यांना सलाम करणं सोडलं. दर चार मिनिटांनी कोण हात वर करणार?

फेरी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. आदल्या दिवशी म्हटलं, बोटीत बसू. बोटवाल्याची पद्धत अशी की बोट न्यायची तर डावा बूट ठेवायचा.

“डावाच का?” मी विचारलं.

“आधी उजवा घ्यायचो. तेव्हा एक जण वल्ही घेऊन पळाला. तेव्हापासून डावा.”

माझी बायको पुढे झाली. “बाबांचा राहू द्या हो. माझे दोन्ही ठेवा.”

“तुमच्या दोन्हींत डावा एकच ना, ताई.”

तिघांचेही डावे बूट त्याच्याकडे ठेवले. तासभर आम्ही बोटीत गोल गोल फिरलो, कारण मी एका बाजूने वल्हवत होतो आणि दुसऱ्या बाजूने बायको मला बोलत होती. परत आलो तर आमचे बूट फळीवर, बाबांचा गायब.

बोटवाल्याने कपाळाला हात लावला. “वरची फळी बोटीच्या गिऱ्हाइकांची. खालच्या फळीवर लोक संग्रहालयासाठी जुन्या वस्तू ठेवून जातात. तुमचा बूट जड, वरची फळी डुगडुगते, म्हणून मी तो खाली ठेवला. तिथला रखवालदार येऊन घेऊन गेला वाटतं.”

“अहो, पण तो बूट चालू आहे,” बाबा म्हणाले.

“दिसत नाही तसा,” बोटवाला म्हणाला.

संग्रहालय जुन्या पोस्टाच्या इमारतीत होतं. बाबांना एका बाजूने मी धरलं, एका बाजूने बायकोने, आणि अशी आमची वरात आत शिरली. बूट काचेच्या कपाटात, निळ्या मखमलीवर. खाली पाटी : ‘मच्छीमाराचा डावा बूट. अंदाजे दीडशे वर्षं जुना. जाड तळवा चिखलात उभं राहण्यासाठी. उजवा पाय त्या काळी बोटीत ठेवत असल्याने उजवा बूट नसे.’

“किती विचार करायची ना जुनी माणसं,” संग्रहालयाच्या बाई आमच्या मागे येऊन म्हणाल्या.

“बाई, तो माझा बूट आहे.”

“आपल्या सगळ्यांचाच आहे.”

बाबांनी उजव्या पायातला बूट काढून कपाटावर ठेवला. “हा बघा त्याचा जोडीदार.”

बाईंनी चष्मा लावून पाहिलं. “तळवा पातळ आहे. जोडी नव्हे.”

बाबांनी मग माझ्या खांद्यावर भार टाकून दोन्ही पाय एकेक करून दाखवले. बाईंनी टेपने मापलेसुद्धा. फरक सव्वा इंच भरला.

“हा तुमच्या पायांचा प्रश्न झाला,” त्या म्हणाल्या. “बुटाची नोंद होऊन गेलीय. नोंदलेली वस्तू संग्रहालय परत करत नाही.”

“नोंदच चुकीची असली तर?”

“चुकीच्या नोंदीसाठी वेगळी वही आहे. ती हरवलीय.”

“मग उद्या मी चालू कसा?” बाबांचा आवाज पडला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले. “आणि परवा? आणि त्यानंतर?”

बाई अगदीच दगड नव्हत्या. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि टेबलाच्या खणातून एक छापील कागद काढला. “अभ्यासासाठी वस्तू तात्पुरती देता येते. विषय काय लिहू?”

“तळ्याभोवती चालणे.”

“मुदत?”

“फेरी पूर्ण होईपर्यंत,” बाबा म्हणाले.

बाईंनी तसंच लिहिलं, पुढे स्वतःहून जोडलं, ‘फेरी पूर्ण होताच वस्तू जागेवर ठेवावी,’ आणि शिक्का मारला. बाबांनी दस्तनोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं काढलेली. त्यांनी कागद दोनदा वाचला, बाईंची सही आणखी एका ठिकाणी घेतली आणि घडी करून खिशात ठेवला.

सकाळी सात वाजता पांढऱ्या रेघेपासून फेरी सुरू झाली. बुटाला उघड्या हाताने शिवायचं नाही म्हणून बाबांनी हातमोजे घालून नाडी बांधली. बुटावर ऊन पडायचं नाही म्हणून रखवालदार शेजारून वाकून छत्री धरत होता. फक्त डाव्या पायावर. मागे पाटी घेऊन बाई. त्यांच्या मागे आम्ही.

“आजोबा, सावकाश,” रखवालदार धापा टाकत म्हणाला. “बूट पुढे जातो, सावली मागे राहते.”

“मग सावलीला सांग भरभर चालायला.”

दोन किलोमीटरवर पर्यटकांनी फोटो काढायला सुरुवात केली. एका बाईंनी माझ्या बायकोला विचारलं, “हे इथं दरवर्षी असतं का हो?”

“नाही, ह्या वर्षीपासून,” बायको म्हणाली.

चौथ्या किलोमीटरला दहाबारा जण उजवा बूट हातात घेऊन मागून चालायला लागले. गावातल्याच एका दुकानदाराने त्यांना समजावलं की रीत तशीच आहे, आजोबांचा उजवा वयामुळे माफ आहे.

बाबा मात्र कुणाकडे बघत नव्हते. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटचं वळण आलं, पांढरी रेघ दिसली, लोकांनी टाळ्या सुरू केल्या. आणि बाबा थांबले.

मी धावत गेलो. “दमलात? दहा पावलं राहिलीत फक्त.”

“माहीत आहे. मोजूनच थांबलोय.” ते रेघेकडे बराच वेळ बघत राहिले. वाढदिवसाच्या केककडे मधुमेही माणूस बघतो तसं. मग म्हणाले, “गाडी कुठे लावलीस?”

“आजोबा, फेरी पूर्ण करा ना,” बाई म्हणाल्या. “मला कपाट उघडं टाकून यावं लागलंय.”

“करणार ना. तारीख कुठे लिहिलीय बघा बरं.” बाबांनी कागद दिला.

बाईंनी कागद वाचला. उलटा करून वाचला. उन्हात धरून वाचला. “पण फेरी पूर्ण झाल्याशिवाय मी बूट मागू शकत नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

“मग कधी करणार?”

“तब्येतीवर आहे,” बाबा म्हणाले आणि रेघेला पाठ करून गाडीकडे चालायला लागले, डुलत नाही, लंगडत नाही, ताठ. मागचे लोकही वळले.

गाडीत बायकोने हळूच विचारलं, “बाबा, वाईट वाटतंय का?”

“वाटतंय तर,” ते म्हणाले. “दहाच पावलं होती गं.”

खिडकीबाहेर रखवालदार अजून छत्री धरून उभा होता. बाबांनी काच खाली केली.

“इथं आत ऊन येत नाही रे,” ते त्याला म्हणाले. “जा, नाश्ता कर तू.”