सांगून जा

मी दरवाजा बोलतोय. अर्धापूरच्या बाजारगल्लीतल्या बालवाडीचा. एकाच पाखाचा, सागवानी, दोन इंच जाड. उद्या सकाळी चांदपाशा सुतार करवत घेऊन येणार आणि मला मधोमध कापणार. तेव्हा जे बोलायचं ते आजच बोलून घेतो. रडगाणं मात्र गाणार नाही. रडणारे मी लई पाहिलेत. माझ्याच कडीखाली उभे राहून रडून गेलेत सगळे.

मी मूळचा किनवटच्या जंगलातला. या चांदपाशानंच मला घडवलं. तेव्हा त्याची दाढी काळी होती आणि ही जागा म्हणजे दयानंदशेटची केळीची वखार होती. मला चौकटीत बसवताना चांदपाशा म्हणाला होता, "शेट, हवा बी शिरायची न्हाई, बिनघोर ऱ्हावा."

खरंच शिरत नव्हती. हिरवेगार घड आत रचायचे, मला लावायचं आणि कुणी उघडायचं नाही. काही दिवसांनी उघडलं की आत सगळं पिवळंधमक! घट्ट लागणं हेच माझं काम, आणि त्याचा मला गर्व होता. का नसावा? अख्ख्या गल्लीत माझ्यासारखा लागणारा दरवाजा दुसरा नव्हता.

पुढं हायवेला केळी पिकवायच्या थंडगार खोल्या झाल्या आणि वखार बसली. बरीच वर्षं मी नुसता उंदरांची राखण करत उभा होतो. मग उज्वला मॅडमनी जागा भाड्यानं घेतली, भिंती धुतल्या, सतरंज्या अंथरल्या आणि बालवाडी सुरू केली. मला पिवळा रंग दिला, वर बदक काढलं. सागवानाच्या छातीवर बदक! तेही तिरळं. सहन केलं मी.

जे सहन झालं नाही ते वेगळंच होतं.

आपल्याकडं पोराला शाळेत सोडायची एक रीत आहे. तुम्हीही केलं असेल, उगं मान हलवू नका. जून महिन्यात आई पोराला घेऊन यायची. आमच्या केवळाबाई मावशी फुगा दाखवायच्या, "ते बघ, ते बघ कसा उडालाय!" पोरगं फुग्याकडं बघायला लागलं की मावशी मागून हातानं खूण करायच्या, आणि आई डोळा चुकवून सटकायची. मला धाडकन लावायचे. वर कडी. पोरगं वळून बघतंय, तर आई गायब.

मग आतून पोरगं माझ्यावर बुक्क्या मारायचं आणि बाहेर आई तोंडात पदर कोंबून उभी असायची. दोघांच्या मधे मी, दोन इंच. "रडू द्या, आपोआप गप राहतंय," असं मोठी माणसं म्हणायची. अहो, कोंडलं की आपोआप काय होतं हे मला शिकवता? वखार सांभाळलीय मी! कोंडून केळी पिकतात. पोरं म्हणजे केळी हायेत काय?

पण दरवाजाचं कोण ऐकतं?

ऐकणारी एक आली. बुद्धप्रिया. नांदेडला बालशिक्षणाचा कोर्स करत होती आणि प्रॅक्टिकलसाठी आमच्याकडं शिकाऊ टीचर म्हणून लागली होती. शिकाऊ म्हणजे काय, तर नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, खिचडी भरवायची आणि मॅडम काही बोलल्या की "हाव मॅडम" म्हणायचं. पोरं तिला प्रिया टीचर म्हणायची. आवाज बारीक होता पोरीचा. मला वाटलं, ही काय टिकते!

त्याच वर्षी संगमेश आला. तीन वर्षांचा, गालाला खळी. त्याची आई शिल्पा केळीच्या पॅकिंग शेडवर केळी धुवायला जायची. तिलाही मावशींनी रीतीप्रमाणे फुग्याआडून पळवलं. संगमेश सुरवातीला खूप रडला, मला लाथा मारल्या. मग एक दिवस रडायचा थांबला. आपल्या चपला मांडीवर घेऊन माझ्यासमोर बसू लागला. गाणं नाही, खेळणं नाही, खिचडीला तोंड नाही. नुसता माझ्याकडं बघत राहायचा.

"बघ, रमला का न्हाई?" उज्वला मॅडम म्हणाल्या.

"रमला न्हाई मॅडम, दमला," बुद्धप्रिया म्हणाली.

शाब्बास! मी इतके दिवस हेच ओरडत होतो. बिजागऱ्या करकरल्या की तेल घालायचे, अर्थ कुणी विचारायचं नाही.

शाळा सुटल्यावर शिल्पा न्यायला आली तेव्हा बुद्धप्रियानं तिला बाजूला घेतलं. शिल्पाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "टीचर, घरी मला सोडतच न्हाई हो. संडासला गेले तरी दाराशी बसून ऱ्हातंय. झोपेत बी पदर सोडत न्हाई."

"ताई, तुम्ही त्याचा डोळा चुकवून जाता, म्हणून त्याला डोळा मिटायचीच भीती वाटून राहिली. उद्या त्याच्या तोंडावर सांगून जा."

"लई रडंल की!"

"रडू द्या. मी हाय ना."

उज्वला मॅडमच्या कानावर गेलं आणि त्या भडकल्या. "प्रिया, ही थेरं इथं न्हाई चालायची. एक आई सांगून गेली की सगळी पोरं भोंगा लावतील. रस्त्यानं पालक जातात. रडकी शाळा असं नाव पडलं तर उद्या पोरं कोण पाठवंल?" बाई वाईट नव्हती. एकटीनं शाळा उभी केली होती आणि ती बुडायची धास्ती तिच्या उरावर बसली होती. पण धास्ती खरी असली म्हणून रीत बरोबर ठरते काय?

शेवटी मॅडम म्हणाल्या, "पोळ्यापर्यंत बघते. तोवर रडं थांबलं न्हाई, तर तुझ्या प्रॅक्टिकलवर माझी सही न्हाई. मग बस वर्षभर घरी."

"हाव मॅडम," बुद्धप्रिया म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी मनातलंच केलं. पोरगी मला तिथंच आवडली.

सकाळी शिल्पा माझ्या उंबऱ्यावर गुडघे टेकून बसली. "संगू, मी केळी धुवायला चालले. तुझी खिचडी खाऊन झाली की येते." आणि त्याच्या डोळ्यांदेखत उठून चालायला लागली.

अरे बापरे! काय किंकाळी फोडली पोरानं! त्याचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरा, सगळी बालवाडी पेटली. मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. मावशी कडी घालायला धावल्या तर बुद्धप्रिया आडवी आली. तिनं मला उघडा ठेवला, संगमेशला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच बसली आणि म्हणाली, "बघ, आई त्या वळणावरून गेली. तिथूनच येणार." शाळेच्या वेळात मी पहिल्यांदाच उघडा होतो. वारं आत आलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

खिचडी झाल्यावर शिल्पा वळणावर दिसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा रडं, पुन्हा खिचडी, पुन्हा आई. हळूहळू पोरगं घास घ्यायला लागलं. एक दिवस चपला मांडीवरून खाली ठेवल्या, पण हाताशीच. बाकीच्या आयाही सांगून जायला लागल्या. रडं काही थांबलं नव्हतं. पोळा मात्र जवळ येत होता.

आणि मग नेमकं व्हायचं तेच झालं. खिचडी संपली, पातेलं घासून झालं, बाकीची पोरं घरी निघाली, तरी वळणावर शिल्पाचा पत्ता नाही. संगमेशनं चपला उचलून पुन्हा मांडीवर घेतल्या.

"झालं समाधान?" मॅडम म्हणाल्या. "आता सांग त्याला, आई चॉकलेट आणायला गेली म्हणून. अन् दार लाव. लोक बघून राहिलेत."

"चॉकलेट आणायला न्हाई गेली ती." बुद्धप्रिया संगमेशकडं वळली. "संगू, आईला उशीर झाला. कशामुळं, ते मला ठाऊक न्हाई. पण ती येणार, अन् तोवर मी हितंच बसणार."

"प्रिया, दार लाव म्हणते ना!"

"न्हाई लावायची मॅडम." आवाज बारीकच होता, पण पाठ माझ्या पाखाला टेकवली होती. "सही नका देऊ. पण ह्याच्यासमोर दार न्हाई लावायची मी."

मॅडमनी स्वतःच मला ढकललं. आता ऐका. जुना सागवान पावसानं फुगत नाही, असं जाणकार सांगतात. त्या दिवशी मी फुगलो. चौकटीला असा अडून बसलो की मॅडमनी खांदा लावला, मावशींनी खांदा लावला, तरी वीतभर फट ठेवलीच. चांदपाशा म्हणाला होता ना, हवा बी शिरायची न्हाई? त्याच दरवाजातून त्या दिवशी रस्ता दिसत होता. लावा म्हणलं, किती लावायचं ते!

त्या फटीतूनच शिल्पा धावत येताना दिसली. हात केळीच्या चिकानं काळे पडलेले, धाप लागलेली. संगमेश रडला नाही. कमरेवर हात ठेवून ओरडला, "खिचडी कवाच खाल्ली की मी!"

शिल्पा उंबऱ्यावर बसली. "चुकलं रे राजा. ट्रक उशिरा लागला, मला सोडलंच न्हाई." आईनं पोराची माफी मागितलेली मी पहिल्यांदा ऐकली. मॅडमही ऐकत उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशीची सकाळ सांगतो, मग मला कापलं तरी चालेल. शिल्पा आली ती घाबरतच. काल शब्द मोडला, आज पोरगं ऐकायचं नाही, असं तिच्या मनात. मावशींनी जुन्या सवयीनं फुगा काढला, खूण केली आणि शिल्पा गुपचूप मागं सरकली. बुद्धप्रिया "ताई" म्हणून हाक मारणार, एवढ्यात संगमेशच वळला. फुगा दिला टाकून.

"ए आई! सांगून जा की!"

शिल्पा जागच्या जागी थांबली. परत आली, गुडघे टेकले. "चालले रे संगू. खिचडी झाली की येते. ट्रक अडला तर उशिरा, पण येतेच."

"हं. जा," संगमेश म्हणाला. ओठ थरथरत होते, पण म्हणाला. मग त्यानं आपल्या चपला भिंतीशी सगळ्यांच्या रांगेत लावल्या, माझ्याकडं आला आणि दोन्ही हातांनी मला ढकललं. तीन वर्षांचं पोर ते! तेव्हा मात्र मी लागलो. अगदी अलगद. कडी कुणी घातली नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मॅडमनी सही केली. "सही केली म्हणजे मला पटलं असं न्हाई," म्हणाल्या. बरं! पण गेल्या आठवड्यात त्यांनीच चांदपाशाला बोलावून सांगितलं, "ह्याचा वरचा अर्धा भाग काढा. पोरांना उचलून घेतलं तर रस्ता दिसला पाहिजे." मग घाईनं पुस्ती जोडली, "म्हणजे हवा येत न्हाई ना, म्हणून."

बुद्धप्रियाही कोर्स संपवून आता निघालीय. गावाकडं, शिरूर अनंतपाळला, स्वतःची बालवाडी काढणार आहे. काल मॅडम तिला म्हणाल्या, "पोरं खिचडीला बसली की हळूच नीघ, उगं गोंधळ..." आणि स्वतःच गप्प झाल्या. तिनं पोरांना समोर बसवून सांगितलं. काय भोंगा लागला म्हणता! मॅडमनीही डोळे पुसले, आणि कुणीच कुणाला गप्प केलं नाही.

माझा वरचा अर्धा तिच्याबरोबर जाणार आहे. त्याला चार बुटके पाय लावून पोरांसाठी टेबल करायचं ठरलंय. कडी त्याच अर्ध्यात आहे. ती उपटून भंगारात टाका, मला नको.

आणि तुम्ही, लेकराचा डोळा चुकवून निघणारे! वळा मागं. गुडघे टेकून सांगा, कुठं चाललात आणि कधी येणार. रडंल, रडू द्या. मी तर लाकूड आहे, तरी मला जमतंय. पोरांनो, ऐका. वरचा अर्धा मी चाललो, तो परत येणार नाही. खालचा अर्धा हितंच हाय. खिचडी झाली की टीचरच्या कडेवर बसून त्याच्यावरून रस्ता बघा. आई त्या वळणावरूनच येईल.