नारळासकट वजन

धारूरच्या पेठेत संगमेश्वर आप्पांची मान खाली गेलेली कुणी पाहिली नव्हती. वडिलांपासूनचं कापडाचं दुकान, कपाळाला भस्म, आणि हिशेब चुकला तर तो समोरच्याचाच चुकला असणार हा पक्का विश्वास. माणूस वाईट नव्हता. फक्त आपण वाईट नाही याची त्यांना जरा जास्तच खात्री होती. पेठेतले लोक त्यांना मानायचे आणि पाठीमागे थोडं हसायचे.

बायको गंगासागर वारून तीन-चार वर्षं झाली होती. मुलगा मन्मथ लातूरला औषधांच्या कंपनीत, सदा फिरतीवर, रविवारी तेवढा घरी. घरात उरले आप्पा आणि सून रुद्राणी. लिंबागणेशच्या मल्लिनाथ शेटजींची ही मुलगी, बीडला बी.कॉम. झालेली. तिनं एकदा दुकानात पडून राहिलेल्या कापडाच्या तुकड्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "आप्पा, ह्याच्या गोधड्या शिवून घ्यायच्या का? ऑनलाइन लई खपतात."

आप्पा हसले. "गोधडी इकत कोण घेतंय? ज्याच्या घरी आई न्हाई त्यो."

पण नको म्हणाले नाहीत. मागच्या गल्लीतल्या सुंदरबाईला बोलावलं. तिच्या टाक्याला तालुक्यात तोड नव्हती, आणि तिच्या तोंडालाही. सुंदरबाई शिवायची, रुद्राणी वजन करून फोटो काढायची आणि मोबाइलवर चढवायची. पार्सल बांधायचं काम मात्र आप्पांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. गाठोडी बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता. "तुमची गाठ बीडच्या पुढं टिकायची न्हाई," असं म्हणून ते दुकानाच्या मागच्या खोलीत एकटेच बांधत बसायचे.

गोधड्या खरंच खपू लागल्या, आणि आप्पांना कंठ फुटला. आमची गोधडी पुण्याला गेली, आमची गोधडी बंगलोरला गेली, परवा एक गुवाहाटीला गेली. गुवाहाटी नेमकी कुठे आहे हे पेठेत कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे आप्पांचा मान आणखीच वाढला.

हे सगळं धुळाजी चहावाल्यानं बिघडवलं. त्यानं एकदा चारचौघांत मोबाइल पुढे धरला. "आप्पा, ही तुमचीच गोधडी ना? दीड हजार! अन् आमच्या टपरीवर आर्धा चहा मागता व्हय? सुटतंय किती एकामागं, सांगा की."

"सुटतंय बरं," आप्पा म्हणाले आणि हसले. पण किती सुटतं हे त्यांना माहीतच नव्हतं. पेठेत ज्या मालाची इतकी शेखी मिरवली त्यात काय मिळतं हे आपल्यालाच सांगता येत नाही, याची त्यांना लाज वाटली. चहा अर्धा ठेवून ते घरी आले आणि सुनेला विचारलं.

"सुंदरबाईची मजुरी अन् कापड धरलं तर लई काही उरत न्हाई, आप्पा," रुद्राणी म्हणाली. "ऑनलाइन कंपनीचं कापून आपल्या हातात नऊशेच्या आतच येतेत."

"दीड हजारातले?"

तिनं मोबाइल उघडून दाखवायला सुरुवात केली. कमिशन, ठरावीक आकार, पोचवायचा खर्च, त्यावर जीएसटी. आप्पा मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. त्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी फिरत होत्या. पैसे जमा होतात ते सुनेच्या खात्यात. आणि व्याह्यांनी दिवाळीला नवी मोटरसायकल घेतली.

संशयाला काय, निमित्त पुरतं. त्या दिवसापासून आप्पा धुळाजीची टपरी टाळून मागच्या गल्लीनं दुकानात जाऊ लागले. पेठेला आपण गुवाहाटी सांगतो आणि घरात सून आपल्याला गंडवते, हे त्यांना सहन होईना. मन्मथला फोन केला तर तो म्हणाला, "तुमचं तुमी बघा, आप्पा, मी गाडी चालवतोय." असा हा मुलगा! मग आप्पांनी थेट लिंबागणेशला फोन लावला. "एकदा येऊन जा. समोरासमोर बोललेलं बरं." काय बोलायचं ते सांगितलं नाही.

मल्लिनाथांनी आपल्या मनानं अर्थ लावला. लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आणि व्याही बोलवतायत म्हणजे चांगलीच खबर असणार. ते स्टीलच्या डब्यात घरचे पेढे भरून घेऊन आले. आल्या आल्या त्यांनी डबा आप्पांच्या पुढ्यात ठेवला, झाकण काढलं आणि लेकीकडे बघून असे हसले की तिला काहीच उमगेना. दारात सुंदरबाई नवी गोधडी घेऊन टेकली होती.

"तुमच्या लेकीला इचारा," आप्पा म्हणाले, "गोधडीचे पैसे कुठं जातेत."

मल्लिनाथांचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. "म्हंजे?"

"दीड हजाराची गोधडी जाती. घरात काय येतंय? खातं तिचं. अन् मोटरसायकल कुणाची, ते मी न्हाई बोलत."

हे बोलायला नको होतं, एवढं त्यांना बोलता बोलताच कळलं. पण तोंडातून गेलेलं कापडाच्या ठाणासारखं पुन्हा गुंडाळून ठेवता येत नाही. मल्लिनाथांनी डब्याचं झाकण लावलं. गाडी मुलाच्या पगारातून हप्त्यावर घेतली, एवढंच ते हळू बोलले. रुद्राणी रडली नाही. तिनं मोबाइल आणून वडिलांच्या हातात दिला. "तुमी वाचा, बाबा. मी वाचलेलं आप्पांना पटत न्हाई."

मल्लिनाथांचं भुसार मालाचं दुकान. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ मोठ्यानं वाचली. मग चष्म्यावरून आप्पांकडे पाहिलं.

"व्याही, ही तर आडत्याच्या हिशेबाची पट्टीच हाय की. मोंढ्यात सोयाबीन घातलं की आडत कापतेत, हमाली कापतेत, तोलाई कापतेत. भाव लिहिलेला पूर्ण असतो, हातात पूर्ण येतो का? इथं आडत कंपनीची, हमाली पोचवणाऱ्याची, अन् वर सरकारचा कर. गिऱ्हाइकानं माल माघारी धाडला तर जायचं-यायचं दोन्ही भाडं आपल्याच बोकांडी."

आप्पांचे कान तापले. मोंढ्याची पट्टी त्यांनी मिसरूड फुटायच्या आधीपासून वाचली होती. हे दुसऱ्यानं समजावून सांगायची पाळी यावी? पण माणूस लाजला की शहाणा होतोच असं नाही. ते म्हणाले, "आडत कळती मला. तरी मजुरी अन् कापड जाऊन शंभर तर उरायलाच पायजे. त्ये कुठं हायेत?"

मल्लिनाथ पुन्हा वाचू लागले. "पोरी, तू वजन लिहिलं दोन किलोच्या आतलं. मग ह्ये तीन किलोचे पैसे कावून कापतेत?"

रुद्राणी पहिल्यांदा गडबडली. "चुकतं कधीकधी त्यांचं. राहू द्या, बाबा."

"सगळ्याच पार्सलाला चुकतंय?"

"राहू द्या म्हणते ना."

पण भुसारवाला माणूस वजनाची भानगड सोडतो होय? त्यांनी बोटानं खाली सरकवत गिऱ्हाइकांनी लिहिलेलं वाचायला घेतलं. एका पुण्याच्या बाईनं फोटोही टाकला होता. "गोधडी फार सुंदर आहे," त्यांनी वाचलं, "आणि सोबत नारळ आणि खण पाठवलात, माहेरची आठवण आली." मल्लिनाथ थांबले. "नारळ? पार्सलात नारळ कोण घालतंय?"

सुंदरबाई आप्पांकडे बघत राहिली.

गंगासागरचा एक नियम होता. घरातून गोधडी कुणालाही द्यायची तर रिकामी द्यायची नाही. लेकीसुनांना असो की बाळंतिणीला, घडीत नारळ आणि खण ठेवायचाच. पहिलं पार्सल बांधताना आप्पांचा हात अडला होता. परक्या घरी जाणारी वस्तू, आणि नुसती? त्यांनी दुकानातल्या देवापुढचा नारळ घातला, आणि खण मात्र बायकोच्या पेटीतला काढला. मग नारळाचं पोतंच आणून ठेवलं आणि दरवेळी तसंच केलं. कुणाला सांगितलं नाही, कारण त्यांना ते फक्त आपलं आणि तिचं वाटायचं. एक गोधडी माघारी आली होती. तिच्यात नारळ नव्हता, तेव्हा आप्पा दिवसभर गिऱ्हाइकाच्या नावानं कुरकुरत होते. नारळाला वजन असतं, आणि दोन किलोच्या जरा वर गेलं की तिसऱ्या किलोचे पैसे पडतात हे आयुष्यभर गाठोडी बांधलेल्या माणसाच्या मनातही आलं नव्हतं.

"तुला ठाव होतं?" मल्लिनाथांनी लेकीला विचारलं.

"हा फोटो आला तवा कळलं. सासूबाईंच्या पेटीतला खण वळखला मी." ती आप्पांकडे बघत नव्हती. "त्यांचं मन हाय त्यात. सुंदरबाईची मजुरी तर कापायची न्हाई. मग आपलं उरलेलंच जातंय ना, जाऊ द्या म्हटलं."

म्हणजे ते शंभर रुपये आप्पाच खात होते, आणि चोर ठरवली तिला. तीही तिच्या बापासमोर, ते पेढे घेऊन आलेले असताना. आप्पांना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. माफी मागावी म्हणून त्यांनी तोंड उघडलं. पण सुनेची माफी सासऱ्यानं कशी मागायची हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तोंडातून निघालं ते भलतंच. "चहा तरी घ्या, व्याही."

मल्लिनाथ उठले. "चल, पोरी. बॅग भर."

ती दोघं गेली. आप्पा दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन बसले. समोर अर्धवट बांधलेली पार्सलं आणि कोपऱ्यात नारळाचं पोतं. ते पोत्याकडे बघत राहिले आणि एकदम उभे राहिले.

"सुंदरबाई! सून रिकामी गेली. तिची वटी कुणी भरली न्हाई."

"आत्ता सुचलं व्हय?" सुंदरबाई दारातूनच म्हणाली. "गुवाहाटीच्या बाईला नारळ, अन् घरच्या लेकराला चोराचं नाव."

आप्पांनी ते ऐकून घेतलं. एरवी घेतलं नसतं. "चला माज्यासंगं. गाडी लागायची आसंल अजून. बायामाणसाचं काम हाय, मला भरता येत न्हाई."

मूठभर तांदूळ, कुंकू, पेटीतला खण आणि नारळ घेऊन ते निघाले. मागच्या गल्लीनं गेलं तर वळसा पडला असता, म्हणून पेठेतून जावं लागलं. दोन्ही हातांत ते सामान धरून आप्पा पुढे, कमरेवर हात ठेवून सुंदरबाई मागे. धुळाजी टपरीतून ओरडला, "आप्पा, नारळ कुणाला? गुवाहाटीला का?"

आप्पा थांबले. चहा पिणारे चारपाच जण बघत होते. "सुनेला," ते म्हणाले. "गोधडीचे पैसे तिनं खाल्ले म्हणून तिच्या बापाला बोलवून घेतलं व्हतं मी. तिनं न्हाई खाल्ले. मीच घालवले." धुळाजीनं चहाचं भांडं खाली ठेवलं. आप्पा चालू लागले. मान आपोआप खाली गेली होती.

बीडची गाडी लागलेली होती. मल्लिनाथ खिडकीशी बसले होते, त्यांनी तोंड फिरवलं. रुद्राणी खाली उतरली. गाडीच्या दारापाशीच सुंदरबाईनं तिला कुंकू लावलं आणि पदरात तांदूळ, खण, नारळ घातला. रुद्राणी वाकून सुंदरबाईच्या पाया पडली. आप्पांच्या पडली नाही. त्यांनी ते पाहिलं, आणि बरोबरच आहे असं त्यांना वाटलं.

"राहिलेल्या पार्सलातून नारळ काढून टाकतो," ते म्हणाले.

"काढू नका, आप्पा. तुमी मला नुसतं सांगायला पायजे होतं." तिनं पदराची गाठ आवळली. "नारळासकट वजन लिहिलं असतं, भाव थोडा वाढवला असता. लोकांनी घेतली असती. मला इचारलं असतं तर सगळंच सांगितलं असतं."

कंडक्टरनं घंटी मारली. आप्पा घाईनं म्हणाले, "मग आता इचारतो. कधी येता?"

त्यांनी सुनेला अहोजाहो केलं होतं, हे त्यांच्याही लक्षात आलं नाही. तिच्या आलं. ती पायरीवर चढली आणि दांडा धरून वळली. "बाबांचा डबा राहिलाय घरी. त्यो घेऊन तुमीच या. मग बघू."

गाडी गेली. आप्पा घरी आले. डबा बैठकीत होता तिथेच होता. तो लिंबागणेशला न्यायचा म्हणजे रिकामा नेऊन चालणार नव्हतं, गंगासागर असती तर तिनं नेऊच दिला नसता. पण काही भरून न्यायचा तर आधी आतले पेढे संपवायला हवे होते. त्यांनी झाकण काढलं आणि एक पेढा तोंडात घातला. बराच वेळ तो तोंडातच राहिला.