टिंब देणाऱ्या बायका

एक टिंब... मागे वाक्यच नसलेलं, नुसतं टेकवलेलं. आणि त्याच्या वर लाल गुलाबाचं चित्र नि नाव : फौकिया अब्दुल-आल. इनासने मोबाइल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. गुलाब तोच. रमजानात तिनेच निवडून दिला होता, "माझा फोटो नको गं बाई, लोक काय म्हणतील" असं ऐकल्यावर. टेबलावर मुलुखियाच्या भाजीचा उद्यासाठीचा पाला पसरलेला, निम्मा खुडायचा राहिलेला, आजची भाजी चुलीवर शिजत आलेली, आणि समोर चुलीशी तिच्याकडे पाठ करून त्या गुलाबाची मालकीण लसूण ठेचत होती. सासूबाई. अख्खी गल्ली त्यांना उम्म वाएल म्हणते, वाएलची आई. त्यांना फौकिया असं स्वतःचं नाव आहे हे इनास विसरूनच गेली होती.

नाव लपवून लिहिलं होतं इनासने. फेसबुकवरचा बायकांचाच ग्रुप — तंताच्या, मन्सुराच्या, इजिप्तभरच्या कुठकुठल्या — कपड्यांवरचे डाग, मुलांच्या शिकवण्या, जावांच्या कागाळ्या. त्यात तिने गेल्या आठवड्यात लिहिलं : ‘सकाळी उठते, पण मी उठलेली नसते. मुलगी गळ्यात पडते, तिला धरायचं असतं म्हणून धरते. डिप्रेशन म्हणतात ते हेच का? कुणी डॉक्टरकडे गेलंय का? पुढे काय होतं?’ पाठवलं, आणि फोन तांदळाच्या डब्यात ठेवून दिला, चोरीचा माल असल्यासारखा. संध्याकाळी काढून पाहते तो काय...

‘बाई गं, तू माझ्याच घरात राहतेस काय?’

‘नमाज सोडला असशील, दुसरं काय.’

‘ताई, मी नमाजातच रडते. आता बोला.’

‘मी गोळ्या घेते. तोंड कोरडं पडतं. पण परवा टीव्ही बघताना खो-खो हसले, आणि स्वतःच दचकले — ही कोण हसली?’

आणि मग टिंबं. एकाखाली एक, बोट दुखेपर्यंत खाली सरकवली तरी टिंबंच. ग्रुपातली जुनी रीत ती : आपल्याला बोलायचं काही नसलं, पण उत्तर हवं असलं, की टिंब द्यायचं, पुढे कुणीही काही लिहिलं की आपला फोन वाजतो. केकच्या कृतीखाली, धुलाईयंत्राच्या कारागिराखाली अशी टिंबं तिने कितीदा पाहिली होती, स्वतःही दिली होती. पण ही तिच्या वाक्याखाली होती. दाराबाहेर काढून ठेवलेल्या चपलांसारखी... आत कुणी बोलत नाही, पण चपला बघितल्या की कळतं, घर भरलेलं आहे. इतक्या जणी! मी — मला वाटत होतं मी एकटीच नासलेय — आणि या सगळ्या, नाव-गाव असलेल्या, नुसत्या उभ्या. तिच्या अंगावर काटा आला होता. गेले कित्येक महिने अंगावर काही आलंच नव्हतं.

पण त्यात *हे* टिंब?

याच बाईने कागदाची बाहुली कापली होती, टाचणीने भोसकत शेजारणींची एकेकीची नावं घेतली होती, "हिच्या डोळ्यातून, तिच्या डोळ्यातून," आणि ती जाळून धूर इनासवरून फिरवला होता. "नजर लागलीय तुला पोरी. नवरा कुवेतला, दरमहा पैसे येतात, मुलगी बाहुलीसारखी. आमच्या वेळी नव्हती असली डिप्रेशनबिप्रेशनची थेरं!" म्हणून तर मंगळवारचं बोलायचं राहिलं होतं. डॉक्टरीणबाईंची वेळ मिळालीय, ग्रुपातल्याच एकीने नंबर दिला. पण लेकीला, जुमानाला, कुणाजवळ सोडायचं? घरात दुसरं कोण? सांगावं तर लागणारच, आणि सांगितलं की... ती रोज सकाळी सांगायला तोंड उघडायची आणि चहाचंच विचारायची.

टिंब द्यायलाही तिनेच शिकवलं होतं त्यांना, लोणच्याच्या एका कृतीवर.

"आणि मी दिलं हे कुणाला कळत नाही ना?"

"टिंबाला कोण विचारतं, आई!"

केवढ्या हसल्या होत्या दोघी. नाव दिसतं, हे सांगायचं राहूनच गेलं.

कधी दिलं असेल त्यांनी? कुठे बसून? ...वाएलने एकदा सांगितलं होतं, सहज, कुवेतला जायचं सामान भरता भरता — तो शाळेत असताना एक उन्हाळाभर आई भिंतीकडे तोंड करून पडून असायची, मावशी येऊन स्वयंपाक करायची. "पाठीचं दुखणं होतं," म्हणाला. पाठीचं! आणि आपणही ‘अरेरे’ म्हणून शर्टाच्या घड्या घालत राहिलो. त्या उन्हाळ्यात ग्रुप नव्हता, टिंब नव्हतं, भिंत होती. आता पंचवीस वर्षांनी, सुनेचंच आहे हे ठाऊक नसताना, त्या बाईने विचारलं होतं — पुढे काय होतं?

आठवडाभर या स्वयंपाकघरात दोन फोन एकदमच वाजत होते, हे तिला आता उमगलं. तिला वाटायचं, त्यांच्या लोणच्याला उत्तरं येतायत.

समोरची पाठ तीच होती, वाकलेली, झग्यावर घामाचा डाग. इनास तिच्याकडे बघत राहिली. एखाद्या नेहमीच्या भिंतीत दार निघावं तशी. आदर म्हणावा तर तेवढंच नव्हतं, दया तर नव्हतीच. ती थक्क झाली होती, आणि थोडी भ्यायलीही होती.

हिरवी बोटं पुसून तिने लिहिलं, नाव लपवूनच : ‘टिंब दिलेल्या सगळ्या जणींना. मंगळवारी मी डॉक्टरकडे जातेय. भीती वाटते. पण तुम्ही दिसताय मला.’

चुलीशी, झग्याच्या खिशात, फोन वाजला.

कढईत लसूण परतणारा सासूबाईंचा हात थांबला. "लसूण बघ गं जरा, करपेल," म्हणाल्या, आणि खिडकीशी गेल्या, फोन हातभर लांब धरून, ओठ हलवत. एवढ्या दोन ओळी वाचायला इतका वेळ?

मुलुखियात लसूण-धण्याची फोडणी ओतताना बाईने मोठ्याने श्वास आत ओढायचा असतो, दचकल्यासारखा. नाहीतर भाजी बेचव, असं या घरात, सगळ्याच घरांत. कित्येक महिने इनास तो तोंडदेखला ओढत होती. तिने कढई उचलली, फोडणी ओतली, चर्र झालं — आणि श्वास आला तो थेट पोटापर्यंत, लसणाच्या वासासकट, इतका मोठा की तिलाच कळेना हा कुठे होता.

"आज खरा निघाला," खिडकीकडून आवाज आला. त्या वळल्या नव्हत्या.

इनास कढई धरून उभी राहिली. त्यांनी ओळखलं होतं की नाही, मंगळवारचं पहिलं वाक्य कोण बोलणार, काहीच ठरलं नव्हतं. पण स्वयंपाकघरात आपण दोघी आहोत, हे तिला लग्नानंतर पहिल्यांदाच दिसत होतं. तिने हाक मारायला तोंड उघडलं, आणि आज चहाचं विचारणं तिला जमेना.