गॅसचं भेव

धर्मेंद्रने स्टुलावर चढून एसीचं झाकण वर उचललं, फटीशी नाक नेलं आणि तसाच थांबला. मग झाकण न लावताच तो खाली उतरला.

"काका, कोणत्याच बटनाले हात लावू नका. काकू, तो दिवा शांत करा. आत्ता."

एसीच्या बरोबर खाली, कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यात समई तेवत होती. मनकर्णाबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. असा हुकूम त्यांना या घरात कोणी केला नव्हता. पण धर्मेंद्रचा आवाज ऐकून त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. उठून देव्हाऱ्यातलं एक शेवंतीचं फूल घेतलं आणि त्या फुलाने वात दाबली.

तोवर धर्मेंद्रने बाहेर जाऊन मीटरजवळचं मेन स्विच पाडलं होतं. घरातले पंखे थांबले. त्याने खोलीच्या तिन्ही खिडक्या उघडल्या तशी मे महिन्याची झळ आत शिरली. खुशालराव हातातलं वर्तमानपत्र तसंच धरून उभे होते.

"दोन दिवसांपासून वास येऊन राहिला," ते म्हणाले. "आमाले वाटलं सैपाकाचं सिलिंडर गळते. एजन्सीचा माणूस पाहून गेला, म्हणे काईच नाई."

"एसीत गॅस कोणं भरला?"

"प्रीतमनं. आठ दिवस झाले. तुमी अमरावतीले होते ना, म्हणून त्याले बोलावलं. नवा गॅस हाये म्हणे, याच मशिनीत चालते. चांगली गार करत होती, बावा. आता पाइपावर बर्फ धरून राहिला, म्हणून तुमाले फोन केला."

"हा तुमच्या सैपाकाच्या गॅसाचा भाऊच हाये, काका. ही मशीन त्याच्यासाठी बनलीच नाई. आतली कॉइल सडली हाये. तिथून गॅस खोलीत उतरून राहिला. जड असते, खालीच बसते."

नवरा-बायकोची नजर एकाच वेळी समईकडे गेली.

मनकर्णाबाईंचं हृदय अशक्त होतं. उन्हाळाभर गार खोलीत राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शेजारच्या पुंजाजींच्या घरी मोठा कूलर होता; खुशालराव त्यांना हाताला धरून तिकडे बसवून आले. पंचेचाळीस वर्षं या नवरा-बायकोने अकोल्याजवळच्या मळ्यात शेवंती आणि झेंडू पिकवला होता. उन्हाचं कौतुक दोघांनाही नव्हतं. पण आता एकीला ते सोसत नव्हतं.

धर्मेंद्र गच्चीवर गेला. एसीचं बाहेरचं युनिट तिथे होतं. लांब नळी जोडून, वाऱ्याची दिशा पाहून, त्याने उरलेला गॅस हळूहळू मोकळ्या हवेत सोडला. व्हॉल्व्ह त्याने दोन्ही हातांनी धरला होता. असल्याच गॅसने त्याचे उस्ताद डोमाजी एका फ्रीजच्या दुरुस्तीत भाजले होते. जगले, पण त्यानंतर त्यांनी कधी वेल्डिंगची नळी हातात धरली नाही. तेव्हा धर्मेंद्र शेजारीच उभा होता.

आज तो एक्कावन्न वर्षांचा होता. नुसता पाइपाला हात लावून मशिनीत गॅस किती आहे ते सांगायचा. अकोल्याच्या जठारपेठेत त्याचं नाव होतं. पण चार-पाच वर्षांपासून ज्या नव्या मशीन येत होत्या त्यांतला गॅसही थोडा पेट घेणारा होता, आणि ती बसवायचं काम आलं की तो म्हणायचा, "नव्यात दम नाई, जुनीच ठेवा." अमरावतीच्या तीन दिवसांच्या वर्गात दामिनी मॅडमनी सगळं शिकवलं होतं. जुना गॅस हवेत सोडला की तो आभाळातलं ओझोनचं छत्र खातो, हेही त्यांनीच सांगितलं होतं. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने नवा गॅस स्वतः भरायचा होता. धर्मेंद्रने भरला, प्रमाणपत्र घेतलं आणि घरी येऊन कपाटात टाकलं.

तो खाली आला तेव्हा खुशालराव फोन हातात घेऊन पडवीत बसले होते. मनकर्णाबाईही परत आल्या होत्या. त्यांना राहवलं नव्हतं.

"मी त्या प्रीतमले पोलिसात देतो," खुशालराव म्हणाले. "माणूस मारत होता आमचा."

नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. धर्मेंद्रने रुमालाने मान पुसली.

"काका, कॉइल सडली हाये हे मले पाच वर्षांपासून माईत हाये."

खुशालरावांनी फोन खाली ठेवला.

"दर उन्हाळ्यात मी गॅस भरत गेलो आन् तो उडत गेला. तुमाले सांगतलं असतं तर तुमी नवी मशीन घेतली असती. मंग ती मलेच लावा लागली असती." तो जरा थांबला. "मले त्या गॅसाचं भेव लागते. म्हणून नाई सांगतलं. मी वेळेवर सांगतलं असतं तर प्रीतम इथं आलाच नसता."

पुंजाजींच्या कूलरचा घर्र आवाज भिंतीपलीकडून येत होता. खुशालराव बायकोकडे पाहू लागले. घरातले असले निवाडे तीच करायची.

"प्रीतमले भेव लागत होतं काय?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"नाई. हसत हसत भरून गेला तो," खुशालराव म्हणाले.

"मंग आज नवी मशीन आना. लावतील धर्मेंद्रभाऊच," त्या म्हणाल्या. "ज्याले भेव लागते तो मानूस दोनदा पाह्यते."

धर्मेंद्रने पाण्याचा तांब्या एका दमात रिकामा केला, मशीन उद्या सकाळी बसवतो म्हणाला आणि स्कूटरला किक मारली. घरी न जाता तो सरळ प्रीतमच्या दुकानात गेला.

ऐन हंगामाची दुपार. प्रीतमचे दोन्ही फोन वाजत होते. धर्मेंद्रला पाहून तो हसला.

"काय धर्मेंद्रभाऊ, गिऱ्हाईक गेलं म्हणून भांडाले आले काय?"

"खुशालरावांच्या एसीखाली समई असते. पाह्यली होती काय?"

प्रीतमचं हसू तिथेच राहिलं. धर्मेंद्रने वास, कॉइल, पाडलेलं मेन स्विच, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही. प्रीतमचा फोन पुन्हा वाजला. त्याने तो उचलला नाही.

"दुकानदार म्हणे चालते," तो पुटपुटला. "सगळेच भरून राहिले, भाऊ."

"अजून किती घरी भरला?"

प्रीतम खुर्चीवर बसला. बोटांवर मोजत राहिला, मग पुन्हा मोजलं.

"सहा." आणि मग खालच्या आवाजात, "एका घरी तान्हं लेकरू हाये."

"पह्यले तिथं चाल."

भर दुपारी प्रीतमने शटर ओढलं. रस्त्यातच त्याने सहाही घरांना फोन करून मेन स्विच पाडायला आणि खिडक्या उघडायला सांगितलं. संध्याकाळपर्यंत सहाही मशीन रिकाम्या झाल्या. दोन दारांत त्यांनी शिव्या खाल्ल्या. एका घरात चहा मिळाला. लेकराच्या आईने लेकरू उचललं आणि माहेरी गेली. प्रत्येक घरी प्रीतम स्वतः पुढे होऊन सांगत होता, की चूक माझी आहे. तिसऱ्या घरापासून धर्मेंद्रही त्याच्या शेजारी उभा राहू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवी मशीन भिंतीवर चढली. न बोलावता प्रीतम आला होता. धर्मेंद्रने जोड आवळले, साबणाच्या पाण्याने तपासले, पुन्हा तपासले. पंप लावून पाइपांतली हवा ओढून घेतली आणि मग पंप बंद केला.

"आता सोडा ना गॅस," प्रीतम म्हणाला.

"थांब. दहा मिनिटं नुसतं दाबाच्या सुईकडे पाह्य. हलली, तं कुठंतरी गळते."

प्रीतम गच्चीवर उकिडवा बसला आणि सुईकडे पाहत राहिला. ऊन चढत होतं. खालून मनकर्णाबाईंनी विचारलं, झालं काय म्हणून.

"अमरावतीचा तो वर्ग पुन्हा कवा हाये?" प्रीतमने नजर न हलवता विचारलं.

सुई जागची हलली नव्हती. धर्मेंद्रने व्हॉल्व्हवर हात ठेवला.