काटा अजून तिथेच

तळघरातल्या खोलीच्या फटी आधी बुजवायच्या होत्या. भाचीने दाराच्या चौकटीला रबरी पट्टी चिकटवली, गळक्या खिडकीवर थर्माकोल ठोकला आणि पंख्याच्या भोकाला आपोआप मिटणारी झडप लावली. आत दिव्यांच्या जांभळट उजेडात काकडीचे अठ्ठेचाळीस वेल दोऱ्यांवर चढले होते आणि अर्ध्या वाटेत रुसून बसले होते. खत झालं, पाणी झालं, उजेड झाला. पण बंद खोलीतला कार्बन डायऑक्साइड ते सकाळी दहापर्यंतच फस्त करायचे आणि मग दिवसभर उपाशी उभे राहायचे. गॅस विकत आणायला हवा होता.

खरं तर भरलेला सिलिंडर घरातच होता. जिन्याखाली, चादर पांघरून.

तो आतोबांचा. आत्याच्या यजमानांनी एकतीस वर्षं सोडा विकला. अख्ख्या गल्लीने त्यांच्या जिवावर ढेकर दिले. सोड्यात भरायच्या याच गॅसचा शेवटचा सिलिंडर भरून आणला आणि दुसऱ्या दिवशी ते उठलेच नाहीत. यंत्र विकलं, बाटल्या विकल्या. सिलिंडरला मात्र आत्याने दोन वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. लहानपणापासून त्यांच्याच घरात वाढलेली भाची तो मागायला कशी धजावणार?

आत्याच एकदा तळघरात आली, वेलांकडे बघून च्‌ च्‌ केलं आणि म्हणाली, "खाली घेऊन ये त्यांचा सिलिंडर. भुकेल्यांच्या तोंडाला तरी लागेल. पण जपून सोड गं."

दोघींनी तो उभा करून भिंतीला सैल साखळी लावली. आत्याने जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते स्वतः पाहिलं. बारीक भोकांची नळी वेलांच्या वरून फिरवली, कारण हा गॅस जड. तो वरून पानांवर उतरत येतो. दिवे चालू असतील तेवढाच वेळ गॅस, कारण अंधारात वेल जेवत नाहीत. गॅस सुटला की हवा बाहेर फेकणारा पंखा बंद. जमिनीलगत, गॅस फार साचला की वाजणारा भोंगा; तो वाजला तर आधी बाहेर पळायचं, मग विचार करायचा.

भिंतीवरच्या गॅस मोजणाऱ्या मीटरचा आकडा दोनशेवरून हजारावर चढला. आणि आठवड्यात वेलांनी रुसवा सोडला.

मग रोज दुपारी आत्या खाली यायला लागली. स्टुलावर बसायची. पानं हाताएवढी झाली होती, पिवळी फुलं लुकलुकत होती, छोटा पंखा हवा ढवळत होता आणि सगळी खोली पाण्याखाली असल्यासारखी हळू हलायची. आत्याचे डोळे अर्धे मिटायचे. कधी ती झोपेतच हसायची. भाचीलाही वाटायचं, आतोबा इथेच कुठेतरी पानांआड बाटल्या विसळताहेत. उठताना आत्या सिलिंडरवरच्या, दाब दाखवणाऱ्या घड्याळाकडे बघायची.

"काटा अजून तिथेच आहे हं. तेवढाच गॅस आहे."

"हो आत्या, तेवढाच," भाची म्हणायची आणि नजर चुकवून पानं पुसायला लागायची.

कारण रेग्युलेटर विकणाऱ्याने तिला बजावलं होतं, की हा काटा पक्का खोटारडा. आत गॅस पाण्यासारखा पातळ होऊन बसलेला असतो. शेवटचा थेंब संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही आणि मग एकदम खाली येतो. खरं काय ते वजन सांगतं. साखळी सैल होतीच; भाचीने नंतर एकटीने सिलिंडर वजनकाट्यावर चढवला होता आणि त्याच्या तबकडीवर गोणपाट टाकलं होतं. रोज सकाळी ती गोणपाट उचलून बघायची. सात किलो उरले. चार. दीड. काटा पडला की आत्या दुसऱ्यांदा विधवा होईल, या धास्तीने तिचं जेवण तुटलं.

एका सकाळी काटा शून्यावर होता.

ती जिना चढून स्वयंपाकघरात गेली. दाराशीच उभी राहिली.

"पडला ना काटा?" आत्याने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "मला वाटलं कालच पडेल."

"तुला... ठाऊक होतं?"

"अगं, एकतीस वर्षं सोडेवाल्याचा संसार केला मी. बोटाने टिचकी मारली की कळतं किती उरलाय. आणि त्या गोणपाटाखाली काय आहे ते न कळायला मी काय दूधखुळी आहे?"

"मग रोज म्हणायचीस ना, तेवढाच आहे म्हणून!"

"तुझ्यासाठी म्हणायचे. तुझं उतरलेलं तोंड बघवायचं नाही मला." आत्या तिच्याशेजारी बसली. "ते गेले तेव्हा तू माणसं सांभाळलीस, मला सांभाळलंस. तुझ्या डोळ्यात टिपूस आलं नाही. मी मोकळी झाले गं कधीच. तो सिलिंडर मी राखला तो तुझ्यासाठी, तुला त्यांना सोडवत नव्हतं म्हणून."

भाची काहीतरी विनोदी बोलायला गेली, आणि तिचा बांध फुटला. दोन वर्षांचं रडू ते. हुंदक्यांनी ती टेबलावर वाकली. आत्या तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ती थांब म्हणाली नाही, आणि चहा निवत गेला.