एका नंबरची सात माणसं

गल्लीत धड चालणारा फोन एकच, आणि तो शिवणकाकूंचा. दवाखान्याने ॲप काढलं आणि मोबाईल नंबराशिवाय केसपेपर बंद केला, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बायकांनी काकूंचाच नंबर दिला. काकूही म्हणाल्या, "द्या गं खुशाल." फोन म्हणजे शेजारची शिडी, लागेल त्याने न्यावी.

पण ॲप बनवणारे पडले उंटावरून शेळ्या हाकणारे. त्यांच्या लेखी एक नंबर म्हणजे एक माणूस. सात बायकांची त्यांनी एकच बाई करून टाकली. शेजारच्या गरोदर पोरीची साखर तपासली, ती उत्तम निघाली, आणि ॲपने काकूंच्या सासूबाईंचं इन्शुलिन बंद केलं. सासूबाईंची साखर होती साडेतीनशे. बाटलीत एका दिवसाचं औषध उरलं होतं.

काकू दवाखान्याच्या खिडकीवर गेल्या. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "सिस्टिम घेत नाही. ज्याने त्याने आपापला फोन घ्यावा."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन त्यांनी दारोदार निरोप दिला, "उद्या सगळ्या चला. त्यांना एकच बाई हवीय ना? मग एकाच टोकनवर जाऊ."

सकाळी टोकन पुकारलं आणि बाकावरून सातजणी उठल्या.

"एका वेळी एकच पेशंट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"एकच आहे. वाचा की तुमच्या कॉम्प्युटरवर."

डॉक्टरीणबाईंनी वाचलं. वय अडुसष्ट. सातवा महिना. दोन वर्षांपूर्वी गर्भपिशवी काढलेली. साखर नॉर्मल.

"अगं बाई, सातवा महिना!" सासूबाई सुनेला म्हणाल्या. "आणि मला कोणी सांगितलंसुद्धा नाही!"

सगळ्या खो खो हसल्या. डॉक्टरीणबाईंचा मात्र चेहरा उतरला. गलका ऐकून कारकून धावत आला आणि नियम सांगू लागला. काकूंनी फोन टेबलावर ठेवला.

"मग सुई यालाच टोचा. तुमचा पेशंट हाच आहे ना?"

डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंची साखर तिथेच तपासली, फ्रिजमधून इन्शुलिन काढलं आणि महिनाभराचं औषध स्वतःच्या सहीने दिलं.

"झालं ना तुमचं काम?" कारकून म्हणाला. "निघा आता."

काकूंनाही क्षणभर वाटलं, निघावं. घरी शिवायचे कपडे पडले होते. पण गरोदर पोर भिंतीला टेकून उभी होती. उद्या तिच्या नावावर सासूबाईंची साखर चढली तर? काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"आमचं झालं. हिचं कुठे झालंय? सात जणींच्या सात फायली करा, मग उठते."

डॉक्टरीणबाईंनी ॲपच्या ऑफिसात फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडचे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, अशी एखादीच केस असेल. तिच्यासाठी कोणी सिस्टिम बदलतं का?"

काकू उठल्या. त्यांनी दार सताड उघडलं आणि बाहेरच्या रांगेला खणखणीत आवाजात विचारलं, "दुसऱ्याच्या फोनवर नाव लावून कोण कोण आलंय? हात वर करा!"

पार फाटकापर्यंत हात वर झाले.

"साहेब," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "मोजायला तुम्हीच या. या बाई काही उठत नाहीत, आणि मीही उठवणार नाही."