डाव्या खिशाची धास्ती

मी पेसमेकर बोलतोय, कळंबच्या रामहरींच्या छातीतून. हळूच बोलतोय, कारण भीती माझ्या पाचवीलाच पुजलेली.

मी काडेपेटीएवढा. बाहेरच्या लहरी शिरू नयेत म्हणून मला धातूच्या डबीत बंद केलं. हृदयाकडे जाणारी तार जिथून निघते, तिथं बारीकशी गाळणीही बसवली. काम एकच. हृदयाचा ठोका ऐकायचा. आला तर गप्प बसायचं, नाही आला तर आपण द्यायचा. सोपं वाटतं ना? पण भलताच आवाज मला ठोका वाटला तर? मी बसायचो गप्प आणि इकडे माणूस जायचा!

चार वर्षांपूर्वी बारामतीत मला रामहरींच्या कातडीखाली ठेवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, मोबाईल छातीपासून वीतभर लांब ठेवायचा." "व्हय, व्हय," म्हणत यांनी मान डोलावली. घरी आले आणि फोन सदऱ्याच्या डाव्या खिशात, थेट माझ्या डोक्यावर! गावच्या शिंप्यानं सगळ्यांना डावाच खिसा शिवलेला, हे तरी काय करणार.

त्यात यांच्या विहिरीवरच्या मोटारीला सिमकार्ड बसवलंय. फोन लावला की मोटार सुरू होते, आणि फोनमधून एक बाई तसं सांगते.

गेल्या चैत्रात भर दुपारी रामहरी उसाला दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, उभे होते. डोक्याच्या वर ऊस, रेंजची जेमतेम एक काडी. रेंज कमी असली की फोन जीव खाऊन लहरी सोडतो. यांनी मोटारीला फोन लावला, स्पीकर चालू केला, फोन खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी खोरं धरलं.

घर्रर्र! गाळणी ओलांडून आवाज माझ्या कानात घुसला. मला वाटलं, अरे वा, ठोकेच पडतायत की. मी गप्प बसलो. खाली हृदय माझी वाट बघत होतं आणि मी मूर्ख त्याचंच ऐकतोय असं समजत होतो.

"ठमे..." एवढंच म्हणून रामहरी पाटात कोसळले. फोन उडून चिखलात पडला. एकदम शांत झालं, आणि मला कळलं, ठोका एकही नाही! घाबरून मी दिला. परत दिला. तिसऱ्याला हृदय वळणावर आलं.

यांच्या पत्नी ठमाबाई बांधावरून धावत आल्या. "अवं, डोळं उघडा की! माझ्याकडं बगा!" आणि चिखलातली बाई शांतपणे सांगत होती, मोटर चालू झाली आहे.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्यावर यंत्र ठेवून माझ्यातली नोंद वाचली. "आजोबा, तेव्हा फोन कुठं होता?"

"हातात."

"हातात खोरं व्हतं," ठमाबाई कडाडल्या. "खरं सांगा की!"

"खिशात," रामहरी पुटपुटले. "मोटारीला लावला व्हता."

बाईंनी माझे कान जरा कमी तिखट केले. ठमाबाईंनी घरी येताच ब्लेड घेतलं आणि सातही सदऱ्यांचे डावे खिसे उसवून उजवीकडे शिवले.

"लोक हसत्याल की, ठमे."

"हसू द्या. मला रडायला लागन्यापरीस बरं."

मी निर्धास्त झालो होतो. पण आज पिंपळीला नातीचा साखरपुडा. लेकीनं, राजलक्ष्मीनं, नवा तयार सदरा पाठवलाय. डाव्या खिशाचा! यांनी तो अंगात घातला. फोन हातात घेतला. हात वर यायला लागला. ठमाबाई, कुठं आहात हो? बघा ना इकडे!

हात खिशापाशी थांबला. बोटांनी कापडावरून मला चाचपलं. "हाय का रं?" रामहरी पुटपुटले, आणि त्यांनी फोन ठमाबाईंच्या पिशवीत टाकला.

माझा जीव भांड्यात पडला. पण अजून पाच-सहा वर्षांची बॅटरी आहे, आणि तेवढे दिवस मला डाव्या खिशाच्या धास्तीतच काढायचेत. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर तेवढा फोन वीतभर लांब ठेवा. घाबरलो तरी मला ओरडता येत नाही हो. मी फक्त गप्प बसतो.